भावाचे शर्ट

भाग्यश्रीनं पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढून काढली आणि कडी सरकवली. झाकण उघडताच डांबरगोळ्यांचा वास खोलीभर पसरला, पलंगावरचं बाळ शिंकलं. वरच्याच घडीतलं पिवळं झबलं तिनं झटकलं आणि बाळाच्या अंगावर धरून बघितलं. बेताचं बसत होतं.

"माझं हाय ते," दारातून त्रिशला म्हणाली. "मी बाळ हुते तवाचं."

"व्हय. तुजंच."

"आता त्येचं," सहा वर्षांची त्रिशला समजूतदारपणे म्हणाली. "मी एकबी डाग पडू दिला न्हाई, मम्मी. बघ की."

डाग खरंच नव्हता. पेटीत एकाखाली एक नीट घड्या होत्या. निळे, करडे, चौकटीचे शर्ट, चड्ड्या, गाडीचं चित्र असलेले बनियन. सगळे कपडे पोराचे, आणि सगळे त्रिशलाच्या अंगावरून उतरलेले. भाग्यश्रीच्या सासूबाईंनी, आक्काताईंनी, नातीसाठी कधी झगा म्हणून घेतलाच नाही.

घरात पैशाला तोटा होता असं नाही. तासगावच्या रस्त्याला स्वतःची द्राक्षबाग, घरामागं बेदाण्याचं शेड, दारात चारचाकी. पण सांगलीच्या दुकानात शिरल्या की आक्काताई म्हणायच्या, "पोराचं दाखवा. शर्ट-चड्डी पोरीला चालती, पोराला झगा चालत न्हाई. खाली भाऊ आला की त्येला हुतील." शिवाय माप दोन नंबर मोठं. बाह्या दुमडून, चड्डीला पिन लावून त्रिशला वर्ष काढायची. जो भाऊ अजून पोटातसुद्धा नव्हता, त्याचे कपडे ही पोर सांभाळत हिंडायची. दुकानदारापासून भावकीपर्यंत सगळे म्हणायचे, आक्काताईंचा संसार बघा, किती काटकसरीचा.

चुलत नणंदेच्या लग्नात सगळ्या पोरी परकर-पोलक्यात मिरवत होत्या आणि त्रिशला कुर्ता-पायजम्यात. कुणीतरी तिच्या गालाला हात लावून विचारलं, "काय रं, नाव काय तुजं?" तिनं नाव सांगितलं. तो माणूस हसला, आजूबाजूचेही हसले. भाग्यश्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण ती गप्प राहिली. काटकसरीला नावं ठेवणारी सून कुणाला चांगली वाटते?

आणि वर ते रोजचं पालुपद. मळवू नगंस, भावाला घालायचंय. बेदाण्याच्या दिवसांत शेडवर कामाला येणाऱ्या बायकांची पोरं एकमेकांना द्राक्षं फेकून मारायची, रसानं चिकट व्हायची. त्रिशला लांब, रिकाम्या पोत्यावर बसून नुसतं बघायची. जेवताना ताटावर इतकी वाकायची की नाक आमटीत जाईल असं वाटायचं.

आज बाळाला पहिल्यांदा बस्तीत, जैन मंदिरात, दर्शनाला न्यायचं होतं. भाग्यश्री कालच माहेराहून आली होती. पेटी उघडायचा दिवस आला म्हणून, खरं सांगायचं तर, तिला जरा बरंच वाटत होतं. निदान पोरीनं सोसलं ते कामी तरी येईल.

आक्काताई आत आल्या त्या हातात मोठी पिशवी घेऊनच. मागोमाग भाग्यश्रीचा नवरा भरतेश आला, गाडीची किल्ली बोटावर फिरवत. आक्काताईंनी पिशवी पलंगावर पालथी केली. मोत्यांची झालर लावलेली टोपी, सॅटिनचं धोतर, जरीचं जाकीट, मखमलीचे बूट.

"घाल बाळाला," त्या म्हणाल्या. "मापाचंच आणलंय. अंगाला चापूनचोपून बसलं पायजे."

"मापाचं?" भाग्यश्री म्हणाली. "आत्ती, म्हैन्यात लहान हुईल की हे."

"हू दे. दुसरं आणू."

भाग्यश्रीनं पिवळं झबलं पुढं केलं. "आतनं तरी हे घालते. मऊ हाय."

"ठेव ते. आज जुनं घालायचं व्हय नातवाला?"

"जन्मला तवा तुमीच पाटलांच्या घरातनं जुनं अंगडं मागून आणलं. ते कसं चाललं?"

"त्येंच्या घरात तीन पोरं हायती. पोराच्या अंगावरचं ते." आक्काताई टोपीची झालर सारखी करत होत्या. "हे पोरीच्या अंगावरचं. पोरीचं उतरलेलं पोराला घालत न्हाईत."

त्या हे इतक्या सहज म्हणाल्या की भाग्यश्रीला क्षणभर वाटलं, आपलीच काहीतरी चूक होतेय.

"मग सहा वर्सं पोराचं कपडं कशाला घेतलं तिला? भावाला हुतील म्हणूनच न्हवं?"

"आसं म्हणायचं आसतंय." आक्काताईंनी आवाज थोडा खाली आणला. "घरात पोराचं कपडं वावरत आसलं की पाठीवर पोरगा येतोय. माझ्या थोरल्या जाऊनं सांगितलं हुतं. आला न्हवं? आता ती पेटी शेडवरच्या बायकांना दे. त्येंच्या पोरांना हुतील."

भाग्यश्रीच्या हातातलं झबलं तसंच राहिलं. म्हणजे काटकसर नव्हतीच. पोर सहा वर्षं नवसाची बाहुली होऊन हिंडली, आणि आपण शहाण्यासारखं तिच्या चड्डीला पिना लावत बसलो. तिला इतका संताप आला की पेटीचं झाकण तिनं हातानं आपटलंच. बाळ दचकून रडायला लागलं.

"अगं, जाऊ दे की," भरतेश म्हणाला. "आईला हौस हाय नातवाची."

"नातीची कुठं हुती सहा वर्सं हौस?"

भरतेशनं किल्ली खिशात टाकली. आक्काताई बाळाला उचलून थोपटायला लागल्या. "बाळंतिणीनं एवढं चिडू नये, दूध आटतं," त्या भिंतीकडं बघत म्हणाल्या.

त्रिशला अजून दारातच उभी होती. बस्तीत जायचं म्हणून तिनं आपला पांढरा शर्ट घातला होता, बाह्या दुमडून. तिनं एकदा पेटीकडं बघितलं, एकदा पलंगावरच्या झालरीच्या टोपीकडं.

"मम्मी, म्हंजे बाळ माझं घालणार न्हाई?"

"न्हाई."

"कवाच?"

"कवाच न्हाई."

त्रिशलानं थोडा विचार केला.

"मग हे मळलं तर चालंल?"

आक्काताईंचा थोपटणारा हात थांबला.

"चालंल," भाग्यश्री म्हणाली. "जा, मळव जा."

"अगं, बस्तीत जायचंय!" आक्काताई म्हणाल्या.

"तशीच येईल ती. माझ्यासंगं."

त्रिशला मागच्या दारानं बाहेर गेली. शेडजवळ द्राक्षांचे क्रेट धुतले होते, पाणी वाहून तिथं चिखल झाला होता. बायकांची पोरं खेळ थांबवून तिच्याकडं बघायला लागली. तिनं मागं वळून दारातल्या आईकडं बघितलं. मग सवयीप्रमाणे शर्ट दोन्ही हातांनी वर उचलून धरला आणि हळूच चिखलात बसली. थोडा वेळ तशीच बसून राहिली. मग तिनं शर्ट सोडला.