चुकीचा तांब्या

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. रुमालबाबा म्हणे घशाचा कॅन्सर थुंकीवरून ओळखत! तांब्यातल्या ‘तीर्था’ची गुळणी करायची नि पिवळ्या रुमालावर थुंकायचं. रुमाल लाल झाला तर रोग, मग बाबांचं महागडं औषध. पिवळाच राहिला तर जन्मभर निर्धास्त.

“निर्व्यसनी माणसाला हा रोग शिवतच नाही!” बाबा गरजले. टाळ्यांचा कडकडाट झाला.

दुसऱ्या रांगेत लॅबवाली ताई बाबांपुढच्या दोन तांब्यांवर नजर ठेवून दातओठ खात बसली होती. तिचा दादा बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करायचा. सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. मानेला गाठ आली तेव्हा ती म्हणाली, “डॉक्टरांना दाखव.” दादाने उलट तिलाच झापलं, “रुमाल पिवळा आलाय, डोकं खाऊ नकोस!” सात महिने तसेच गेले. मग तपासणीत निघालं, विषाणूमुळे होणारा घशाचा कॅन्सर. तो व्हायला तंबाखू लागत नाही. वेळेत आला असता तर उपचार सोपे होते, आता आवाज वाचेल याची खात्री नाही, असं डॉक्टर म्हणाले. ताईने त्या दिवशीच ठरवलं, या बाबाला सोडायचं नाही.

ती तडक मंचावर चढली. “बाबा, आधी तुमचा घसा बघू.” बाबांनी उजवीकडचा तांब्या उचलायच्या आत तिने डावीकडच्यातलं पाणी पेल्यात ओतलं.

“मला कशाला?”

“करा की बाबा!” लोक ओरडले. बाबांनी नाइलाजाने गुळणी केली. रुमाल लालभडक!

“अगं बाई, बाबांनाच कॅन्सर!”

“छे! हा तो तांब्या नव्हे!” बाबा बोलून गेले आणि जीभ चावली.

“मग कुठला?” ताईने माईक त्यांच्या तोंडाशी धरला. “माझ्या दादाला कुठला दिला होता? बोला! तुमचा आवाज शाबूत आहे ना?”

“साध्या पाण्याचा,” बाबा पुटपुटले.

“मोठ्यानं!”

“साध्या पाण्याचा!”

“ऐकलंत? रुमाल हळदीत बुडवलेला. दुसऱ्या तांब्यात चुन्याची निवळी. हळदीला चुना लागला की लाल होणारच. औषध ज्याला परवडेल त्याला लाल, बाकीच्यांना पिवळा. माझ्या दादाला यानं असं घरी बसवलं! मानेला आलेली गाठ दोन-तीन आठवड्यांत गेली नाही, तर घशाच्या डॉक्टरांना दाखवा. व्यसन असो वा नसो.”

पहिल्या रांगेतला शिंपी उठला. त्याचा हात मानेवर होता.

“ताई, मलाही पिवळाच आला होता.”

“चला,” ती म्हणाली, “दवाखाना अजून उघडा आहे.”