उरलं की ओतलं

हॉटेलच्या मागच्या दाराशी, मोरीच्या वरच्या फळीवर फिनेलची बाटली असायची. मोरीसाठी नव्हे हां. मोरीला साबणाचा चुरा पुरत होता. फिनेल होतं उरलेल्या अन्नासाठी.

दुपारचं गिऱ्हाईक आटपलं, साडेतीन वाजले, की उरलंसुरलं सगळं मागच्या दाराशी आणून ठेवायचं आणि वस्तादानं, म्हणजे मुख्य आचाऱ्यानं, स्वतःच्या हातानं त्यावर दोन झाकणं फिनेल ओतायचं. मग ते कचऱ्यात. अकरा वर्षं हा नियम. मालकाचं म्हणणं, नोकरांना उरलेलं खायला दिलं की नोकर मुद्दाम जास्त शिजवतात. "उरलं की ओतलं," असं तो म्हणायचा, आणि वर हसायचा, जशी काही ओवीच रचलीय. ओतायचं काम वस्तादाकडेच का, तर बाकी कुणावर भरवसा नाही. भरवसा म्हणे. साठीला आलेल्या माणसाच्या हातात असला भरवसा द्यायचा आणि वर त्याला मान म्हणायचं.

मालकाला पाठीमागे सगळे फुगा म्हणत. अंगानं नव्हे, अंगानं तो काडीच होता. कुणी दोन शब्द बरे बोललं की छाती अशी वर यायची, की टाचणी शोधावी वाटायचं.

तर या फुग्याच्या डोक्यात एक दिवस भुकेल्यांची दया आली. आपोआप नाही आली. पलीकडच्या रस्त्यावरच्या हॉटेलवाल्याचा फोटो पेपरात आला होता, अनाथांना केक वाटताना. फुग्याला दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं आसपासच्या पाच हॉटेलवाल्यांची बैठक बोलावली, आणि ठरलं, की सगळ्यांनी मिळून वस्तीतल्या मंडळाला हात द्यायचा, गावात कुणी उपाशी झोपणार नाही असं बघायचं.

मंडळ होतं वस्तादाच्या थोरल्या बहिणीचं, ताईचं. शिंप्याच्या दुकानामागच्या लांबट खोलीत पंधरा-वीस बायका मंगळवारी आणि शुक्रवारी चुली पेटवायच्या आणि सव्वाशे डबे भरायच्या. तिथली रीत न्यारी होती. ज्याला गरज आहे तोही झाकणाचा डबा घेऊन रांगेत उभा, ज्याला नाही तोही. देणारा येताना डब्यातून तांदूळ आणायचा, घेणारा रिकामा डबा आणायचा, आणि झाकण उघडायचं ते आत, पडद्यामागे, ताईसमोर. बाहेरच्याला कळायचंच नाही कोण भरून आणतोय आणि कोण भरून नेतोय. "पोट रिकामं असलं तरी मान ताठ पाहिजे," ताई म्हणायची. शाळेची पायरी न चढलेली बाई, पण बैठकीतल्या सहा जणांना पुरून उरेल एवढी अक्कल.

बैठकीला तिलाही बोलावलं होतं. गार हवेच्या खोलीत, मऊ खुर्चीत. एकानं सांगितलं, आम्ही सूप देऊ, छोट्या कपातून. दुसरा म्हणाला, आम्ही कोशिंबिरीचा पाला देऊ, आरोग्याला चांगला. तिसऱ्यानं कुपनं देऊ केली, दोन जेवणं विकत घेतली की तिसरं फुकट. चौथा म्हणाला, मी फलक करून देतो. पाचवा फोनवर बोलत होता, त्यानं नुसती मान हलवली, तेही फोनमधल्याला.

"भात कोण देणार?" ताईनं विचारलं.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. भातावर हॉटेलचं नाव कुठे उठून दिसतं?

शेवटी फुगाच म्हणाला, "ताई, काळजीच सोडा. आमच्या एकट्याकडे दुपारचं एवढं उरतं, की तुमची सव्वाशे माणसं जेवून वर ढेकर देतील. या मंगळवारी तुम्ही चूल पेटवूच नका. सहा वाजता गाडी दारात."

वस्ताद दाराशी चहाचा ट्रे घेऊन उभा होता. तो म्हणाला, "मालक, उरलेल्याचा काय नेम? मी सकाळी वेगळा मोठा टोप चढवतो, तांदूळच काय ते जातील."

"आहे ते असताना वेगळं कशाला?" फुगा म्हणाला. "आणि वस्ताद, चहा गार होतोय."

ताईनं शब्दावर विश्वास ठेवला. मंगळवारी बायकांना सुट्टी दिली, गॅसच्या टाक्या भरायला पाठवल्या, आणि वस्तीत निरोप धाडला, आज आपल्याकडे हॉटेलचं जेवण आहे, कुणी घरी काही मांडू नका. मांडायला होतं कुणाकडे काय, पण पद्धत म्हणून सांगायचं.

मंगळवार उजाडला. फुग्यानं नवे कोरे स्टीलचे सहा ट्रे आणले, प्रत्येकाला हॉटेलचं नाव चिकटवलेलं. खरंच त्या दिवशी उरलंही बऱ्यापैकी. वस्तादानं ते निगुतीनं ट्रेंत भरलं आणि न्यायला सोपं म्हणून मागच्या दाराशी ओळीनं मांडलं. झाकणं पुसायला घेतली, तेवढ्यात ताईचा फोन. खांद्यात फोन धरून तो बोलायला लागला.

"काय रे, येतंय ना नक्की? तुझ्या मालकाचा काही नेम नाही."

"भरून ठेवलंय, ताई. डोळ्यासमोर आहे."

"तो फोटोसाठी चार हडकुळी माणसं बाजूला काढून ठेवा म्हणत होता. मी म्हटलं, तुम्हीच उभे राहा, तुमच्याइतकं हडकुळं इथे कुणी नाही."

वस्ताद खदखदून हसला. आणि हसता हसताच गप्प झाला.

"काय रे? काय झालं?"

वास आला होता. फिनेलचा. त्यानं खाली बघितलं, तर बाटली हातात, झाकण दुसऱ्या हातात, आणि पाच ट्रे झालेले. घड्याळात साडेतीन. डोकं ताईशी बोलत होतं आणि हात आपली नोकरी करत होता. बैल कसा, मालक गाडीत झोपला तरी रोजच्या वाटेनं घरी येतो, तसा हात आला होता घरी.

सहावा ट्रे वाचला होता. त्यात कोशिंबीर होती.

"ताई," तो म्हणाला, "मी माती खाल्ली."

त्यानं सगळं सांगितलं. ताईनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सव्वाशे माणसं आहेत. माझ्या शब्दावर बसलीत. माझ्याकडे एक टाकी नाही आज. तू काय करायचं ते कर, पण सहाला मी त्यांना पडद्याआड नेऊन रिकाम्या डब्याला झाकण लावून परत पाठवणार नाही." आणि तिनं फोन ठेवला. ओरडली असती तर बरं वाटलं असतं त्याला.

तो तसाच फुग्याकडे गेला. फुगा आरशासमोर सदरा बदलत होता.

"सगळ्यात?" फुगा म्हणाला.

"पाच ट्रेंत."

"वरवरच असेल ना? वरचा थर काढून टाका. गरम केलं की वास जातो."

वस्तादाला वाटलं आपण चुकून ऐकलं. "मालक, विष आहे ते."

"बरं, बरं. मग असं करा, झाकणं घट्ट लावा. बंद ट्रेचाच फोटो काढू. नंतर सांगू, वाटेत नासलं. उन्हाचे दिवस आहेत." त्यानं कॉलर नीट केली. "वस्ताद, चूक तुमची आहे, मी काही बोलत नाहीये. खाल्ल्या मिठाला जागा जरा."

अकरा वर्षांत वस्ताद या माणसाला उलट बोलला नव्हता. आताही आवाज चढला नाही त्याचा.

"मीठ कधी खाऊ दिलंत, मालक? उरलेल्यातसुद्धा फिनेल ओतायला लावलंत."

एवढं बोलून तो वळला आणि कोठीघरात गेला. कोठीघरात त्या दिवशी लक्ष्मी नांदत होती, कारण रात्री आठला जेवण होतं. कुणाचं? तर त्या सहा हॉटेलवाल्यांचं आणि त्यांच्या घरच्यांचं. भुकेविरुद्ध लढायला उतरलो म्हणून आपलं आपणच कौतुक करून घ्यायचं जेवण. चाळीस पानं. दहा किलो कोंबडी, पोतंभर बटाटे, चांगला लांब दाण्याचा तांदूळ, साय, लोणी. भुकेशी लढायचं तर अंगात ताकद नको का?

"काकू," वस्तादानं हाक मारली. भांडी घासणाऱ्या काकू बारा वर्षं त्या मोरीत होत्या, वस्तादाच्याही आधीपासून. "सगळ्यात मोठे दोन टोप काढा. आणि बटाटे सोलायला बसा."

"रात्रीचं आहे ना हे?"

"होतं."

काकूंनी एकदा त्याच्याकडे, एकदा पाच ट्रेंकडे बघितलं, आणि पदर खोचला. "मी आधीच म्हणणार होते," त्या म्हणाल्या, "तो पाला कोण खाणार?"

चार शेगड्या एकदम पेटल्या. फुगा धावत आला, तोंड लाल. "वस्ताद, हात लावाल तर उद्यापासून—"

पुढचं वाक्य तोंडातच राहिलं, कारण मागच्या दारातून फुग्यानंच बोलावलेली पेपरची बातमीदार बाई आत आली, बरोबर कॅमेरावाला. तासभर आधीच आली होती.

"अरे वा," बाई म्हणाली, "आम्हाला वाटलं उरलेलं देताय. तुम्ही तर ताजं शिजवताय."

फुग्याचं तोंड बघण्यासारखं होतं. एका बाजूला चाळीस पानांचं सामान टोपात चाललेलं, दुसऱ्या बाजूला कॅमेरा. वस्तादानं भला मोठा कालथा त्याच्या हातात दिला.

"उरलेलं?" फुगा म्हणाला, आणि छाती वर यायला लागली. "छे, छे. उरलेलं माणसाला द्यायचं का? आपण ताजंच देतो. दर मंगळवारी."

"दर मंगळवारी?" बाईनं लिहून घेतलं.

"दर मंगळवारी," वस्ताद मोठ्यानं म्हणाला, म्हणजे शेगडीच्या आवाजात हुकायला नको.

फुगा वीस मिनिटं कालथा फिरवत होता. बटाटे खाली लागले. वस्तादानं तो टोप नंतर हळूच वरच्यावर दुसऱ्यात काढून घेतला.

सहाला दहा कमी असताना गाडी शिंप्याच्या दुकानाशी लागली. रांग कोपऱ्यापर्यंत गेली होती. ताई दारात उभी, चेहरा दगडासारखा. वस्तादानं झाकण उचललं, वाफ तिच्या तोंडावर गेली, आणि तिनं फक्त एवढंच विचारलं, "वास घेऊन बघितलास?"

"मी आणि काकू दोघं एकेक ताटली खाऊन आलो. अजून उभे आहोत."

"मग आण आत."

फुग्याला फोटो हवा होता. रांगेतल्या एका ठिगळाच्या कोटातल्या म्हाताऱ्याकडे बोट दाखवून तो म्हणाला, "हे आजोबा बरे आहेत, चेहऱ्यावर भूक दिसते." ते निवृत्त मास्तर होते, दर आठवड्याला पाच किलो तांदूळ आणणारे. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, "आपण आज काय आणलंत डब्यातून?" फुगा पुढे सरकला. एक पाठमोरी बाई डबा धरून उभी होती, तिच्या खांद्यावर त्यानं हात ठेवला, मान वाकडी केली, कॅमेऱ्याकडे बघत गोड आवाज काढला, "घरी किती जणं आहात, आजी?"

बाई वळली. काकू होत्या.

"तिघं," त्या म्हणाल्या. "तुमच्याच मोरीत असते मी, मालक. बारा वर्षं झाली."

आता काकूंच्या डब्यात तांदूळ होते की डबा रिकामा होता, हे वस्तादाला आजतागायत माहीत नाही. ताईला माहीत आहे, पण ती सांगायची नाही. कॅमेरावाल्यानं कॅमेरा खाली केला. ताईनं फुग्याच्या हातात एक डबा ठेवला आणि म्हणाली, "इथे सगळे रांगेत उभे राहतात. शेवट तिकडे आहे."

सव्वाशे डबे भरले. वर चाळीस पानांपुरतं उरलंही, कोंबडी तेवढी वस्तीतच संपली. ते वस्ताद परत घेऊन गेला, कारण आठला चाळीस पानं मांडायची होती आणि कोठीघरात तर उंदीरही उपाशी होता. त्यानं तोच भात, तोच बटाट्याचा रस्सा लोण्याची एक चमक देऊन काचेच्या भांड्यांत वाढला. बाकी पाचही हॉटेलवाल्यांनी फार वाखाणला. कुपनवाल्यानं दोनदा मागून घेतला. म्हणाला, याला म्हणतात साधेपणा.

फुगा समोरच बसला होता. उरलेलं खात होता आणि हसत होता, करतो काय.

पेपरात फोटो आला, कालथा फिरवतानाचा. खाली छापलं होतं, दर मंगळवारी. फुग्यानं तो चौकटीत घालून गल्ल्यामागे लावला. आता वस्तादाला काढायचं म्हणजे मंगळवारी कालथा फुग्यालाच धरावा लागणार, आणि त्याला अजून बटाटा खाली लागलेला कळत नाही. सूपवाला आणि पालावाला पुन्हा तिकडे फिरकले नाहीत. फलक मात्र आला. ताईनं तो उलटा करून त्यावर कांदे वाळत घातले.

बुधवारी दुपारी साडेतीनला वस्तादाचा हात सवयीनं मोरीच्या फळीकडे गेला. फळी रिकामी होती. बाटली सकाळीच त्यानं स्वतः संडासात नेऊन ठेवली होती, जिथे तिनं पहिल्यापासून असायला हवं होतं. हात थोडा वेळ हवेतच राहिला, येड्यासारखा. मग त्यानं तो खाली आणून दोन ताटल्या घेतल्या, उरलेला भात वाढला, पालथ्या खोक्यावर बसला आणि एक ताटली काकूंपुढे सरकवली.

"मालक येतील," काकू म्हणाल्या.

"येऊ देत," वस्ताद म्हणाला. "तिसरी ताटली धुतलेली आहे का?"