कुठला हात, मास्तर?

कर्जतजवळच्या कोंडाण्याच्या शाळेत मी अकरा वर्षं हजेरीपट भरला. त्यातला शेवटचा रकाना शेऱ्याचा. शाळा सुटली तरी माझी खोड सुटत नसे. दिसेल त्या माणसापुढे मी मनात शेरा लिही. कोंडाजी पाटील : आवाज मोठा, ऐकणं बेताचं. भागूबाई : रडते, पण हातातलं काम आटोपून. तिचा मुलगा पोपट, वय बावीस : सांगितलेलं ऐकतो, पाण्यात बरा. एक माझं नाव सोडलं तर गावातल्या सगळ्यांचे शेरे माझ्याजवळ होते.

दसऱ्याला आमच्याकडे डोहात पोहण्याची चढाओढ लागते. अलीकडच्या खडकावरून उडी मारायची, पलीकडे वाघजाईच्या पायरीला हात लावायचा. हात उजवाच. डावा लागला तर देवीचा कोप आणि कोंडाजीच्या शिव्या. दोहोंत फारसा फरक नसे. मानाचा नारळ पाच वर्षं ओळीनं पोपटाकडे. पोहणं बेडकासारखं, पण बेडूक मागे पडेल असं.

अठ्ठेचाळीसच्या दसऱ्याला लेणी बघायला आलेल्या मुंबईच्या एका गृहस्थांनी त्याला पाहिलं आणि खिशातलं घड्याळ बाहेर काढलं. दोनदा पोहायला लावलं, नाव लिहून नेलं. महिन्याभरात पत्र आलं : मुंबईत सात देशांचे पोहणारे येणार, छातीवरच्या पोहण्यात पोपटाला घेतलंय. सोबत नियमांचा इंग्रजी कागद.

माझं इंग्रजी तीन इयत्तांचं. गावात दुसऱ्या कुणाचंच नसल्यामुळे ते बॅरिस्टरच्या तोडीचं होतं. देवळापुढे सगळे जमले आणि मी एकेक नियम मराठीत सांगू लागलो. सातव्या नियमात भिंत होती, हात होते, आणि शेवटी मालगाडीएवढा एक शब्द होता : सायमल्टेनियसली. तो मला उच्चारताही येईना. हात एकाहून जास्त आहेत, एवढं मात्र दिसलं होतं. ते मी आज लिहितो.

"अडलं काय, मास्तर?" कोंडाजी म्हणाला.

"अडतंय कशाला? भिंतीला हात लावून मागं वळायचं. झालं."

"कुठला हात, मास्तर?" पोपटानं विचारलं.

मंडळी हसली. त्या हसण्यात मला वाट सापडली. "उजवाच की रं! वाघजाईच्या पायरीला डावा लावतोस काय?"

"घ्या!" कोंडाजीनं मांडीवर थाप मारली. "मास्तरांनी गोऱ्यांना बी आपल्या रीतीला आणलं!"

मी कागद घडी करून खिशात घातला. शर्यतीपर्यंत सहा शनिवार आले. सहाही शनिवारी मी टपालासाठी कर्जतला गेलो. तिथल्या हायस्कुलातल्या मास्तरांना तो शब्द विचारता आला असता. पण विचारला असता तर तो मला येत नाही, हे त्यांना कळलं असतं.

शर्यतीला पोपटाबरोबर भागूबाई, कोंडाजी आणि मी असे तिघं गेलो. तलाव फरशी बसवलेला, पाणी निळं. "ह्यात गाळ कुठं हाय?" भागूबाईनं काळजीनं विचारलं. जायचं-यायचं दोनदा, म्हणजे चार भिंती. बाकीचे हात पाण्याबाहेर काढून घारीसारखे झेपावत होते. आमचा पोपट पाण्याला न दुखवता सरकत होता. पहिल्या भिंतीला त्यानं उजवा हात लावला, अगदी पायरीला लावावा तसा, अदबीनं. पांढऱ्या कपड्यांतल्या पंचानं वाकून पाहिलं आणि हात वर केला.

"बघा, सायबानं शाबासकी दिली!" कोंडाजी ओरडला.

पोपट दुसरा आला. भागूबाई रडली, हातात काही काम नव्हतंच. मग कर्ण्यातून नावं वाचली. पहिलं, दुसरं, तिसरं. पोपटाचं नाहीच. शेजारी उभ्या असलेल्या स्वयंसेवकानं मराठीत सांगितलं, "बाद केलंय. दोन्ही हात एकाच वेळी लागायला हवेत."

एकाच वेळी. एवढाच अर्थ होता त्या मालगाडीचा.

पोपट अंग पुसत आला. कोंडाजी म्हणाला, "अरं, देवानं दोन हात दिलेत, एक घरी ठेवून आलास काय रं?"

पोपटानं माझ्याकडे एकदा पाहिलं. मग कोंडाजीला म्हणाला, "चुकलं, तात्या."

आणि मी काय बोललो? मी म्हणालो, "गडबडीत होतं असं." कागद माझ्याच खिशात होता.

गावानं त्याचं नाव एकहात्या ठेवलं. मोटेवर एकहात्या, लग्नाच्या पंगतीत एकहात्या. भागूबाई पाणवठ्यावर उन्हं चढल्यावर, बाया पांगल्या की जाऊ लागली. पुढच्या दसऱ्याला पोपट खडकावर आला तो अंगात सदरा घालूनच, पोहणार नव्हता.

मी त्याच्याजवळ जाऊन बसलो. "पोपट, तो शब्द मला येत नव्हता."

"म्हाईत हाय."

"कसं?"

"आदल्या दिशी तलावावर दादरचा एक पोहणारा बोलला, दोनी हात लाव, नायतर बाद करतील."

"मग लावले का नाहीस?"

"त्याला म्हटलं, आमच्या मास्तरांनी कागद वाचलाय." हे तो टोमणा म्हणून बोलला असता तर मला बरं वाटलं असतं.

खालून कोंडाजीनं हाक दिली, "काय रं एकहात्या! उतरतोस का आज फकस्त बघतोस?"

सगळे हसले. मी उभा राहिलो.

"पाटील, तो एकहात्या नाही. नियमात दोन हात होते. एक मी गाळला. मला वाचता आलं नाही, आणि ते मी लपवलं."

हसणं थांबलं. पन्नास-साठ माणसं माझ्याकडे बघत होती. त्यांतली निम्मी माझ्याच हाताखाली शिकलेली.

"कशाला, मास्तर," पोपट पुटपुटला. त्यानं सदरा काढून माझ्या पायाशी टाकला आणि उडी मारली.

सगळ्यांच्या माना पाण्याकडे वळल्या. त्या वळाव्यात म्हणूनच त्यानं उडी मारली, हे मला कळलं. पलीकडे पायरीला त्याचा कुठला हात लागला ते मला माहीत नाही. मी त्याच्या सदऱ्याकडे बघत होतो.