दांड्यावरची टोपी

मी रेडा बोलतोय. दचकू नका, गोठ्यातला नव्हे, लोखंडाचा. डोंगरउतारावर तोडलेली झाडं खाली ओढून आणायचं यंत्र मी. पुढे इंजिन, मागे माणूस आत वाकून शिरेल एवढा लोखंडी ढोल, ढोलावर गुंडाळलेला पोलादी दोर आणि बाजूला एक दांडा. दांडा ओढला की ढोल फिरायचा, दोर गुंडाळला जायचा आणि वरचा ओंडका मुकाट्यानं खाली यायचा. लाकूडतोड्यांनी मला रेडा म्हणायला सुरुवात केली ती माझ्या ताकदीमुळे. रंगाचाही काही संबंध असेल, मी नाही म्हणत नाही.

कारखान्यातला जन्म मला फारसा आठवत नाही. आठवतो तो पहिला माणसाचा हात. तो थोरल्याचा. दोघे भाऊ माझ्यावर कामाला होते, सगळे त्यांना थोरला आणि धाकटा एवढंच म्हणायचे. थोरला मला चालवायचा, धाकटा वर जाऊन ओंडक्याला दोर बांधायचा. थोरला सकाळी आला की आधी माझ्या पत्र्यावर थाप मारायचा आणि विचारायचा, "काय रेडोबा, झोप झाली का?" मग खोकायचा. विडीचा खोकला होता तो, घशात घोळवून घोळवून काढलेला. माझ्या इंजिनापेक्षा मोठा आवाज त्याचा, असं धाकटा चिडवायचा.

आता माझ्याकडचा एक नियम सांगतो. तो नीट ऐका, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे.

कधी कधी दोर ढोलात अडकायचा. मग कुणाला तरी आत शिरून तो सोडवावा लागायचा. इंजिन बंद करायची सोय नव्हती, कारण थंडीत ते एकदा बंद पडलं की पुन्हा सुरू करताना सगळ्यांच्या नाकी नऊ यायचे. आणि आत शिरलेला माणूस बाहेरून मुळीच दिसत नाही. म्हणून थोरल्यानं नियम घातला. आत जाणाऱ्यानं आपली टोपी दांड्यावर टांगायची. टोपी असेतोवर दांड्याला कुणी हात लावायचा नाही. टोपी ज्याची, त्यानंच काढायची. आणि बाहेर आलं की माझ्या पत्र्यावर पान्यानं दोनदा टकटक करायची, म्हणजे सगळ्यांना कळावं की आत कुणी नाही. नव्या गड्याला हे त्याच्याकडून दहादा घोकून घेतल्याशिवाय थोरला कामाला लावायचा नाही.

सव्वीस वर्षं झाली त्या दुपारला. बर्फ पडत होता. दोर अडकला, थोरल्यानं आपली लोकरीची निळी टोपी दांड्यावर टांगली आणि तो आत शिरला. मी स्वतः पाहिलंय, माझाच दांडा तो.

थोड्या वेळानं धाकटा चहाची किटली घेऊन उतारावरून आला. त्यानं पाहिलं, कुणीतरी बोडक्या डोक्यानं गड्यांच्या झोपडीकडे चाललंय. पाठमोरं, अंगात थोरल्यासारखाच कोट. धाकटा हसला. "दादा पण ना! डोकं गारठवून घेईल आणि रात्रभर खोकेल," असं म्हणाला आणि दांड्यावरची टोपी काढून घेऊन झोपडीकडे धावला. भावाच्या काळजीनंच काढली हो त्यानं.

मागून मुकादम आला. दांडा मोकळा दिसला. त्यानं ओढला.

पुढचं मी सांगणार नाही. मला थांबता आलं नाही, एवढंच सांगतो. यंत्राला थांबता येत नाही.

झोपडीत कुणीच नव्हतं. धाकटा परत आला तेव्हा माणसं जमली होती आणि मुकादम कपाळावर हात मारून ओरडत होता, "टोपीच टांगली नाही हो त्यानं! जन्मभर आम्हाला शिकवलं आणि स्वतःच विसरला!" धाकट्यानं तोंड उघडलं. मला वाटलं, आता सांगेल. त्याचा हात कोटात गेला, टोपी खोल दाबली गेली आणि तोंड मिटलं. ते सव्वीस वर्षं मिटलेलंच राहिलं.

त्यानंतर मी चाललो नाही. ठेकेदारानं दोन मेकॅनिक पाठवले. इंजिन सुरू व्हायचं, पण दांडा काही हलायचा नाही. दोन दोन माणसं लटकली त्याला, तरी नाही. "गंजलाय," म्हणाले आणि मला डोंगराच्या पायथ्याशी दलदलीत सोडून गेले. गंजला होता, खरंय. पण त्याच्यावर टोपीही होती. दिसत नव्हती, वजन मात्र मला कळत होतं. दर हिवाळ्यात, बर्फ पडलेला नसतानासुद्धा, सकाळी दांड्याच्या टोकाला पांढरा गोळा धरलेला असायचा, अगदी टोपीएवढा. आणि माझ्या पोटात आवाज व्हायचे. थंडीनं लोखंड आकसतं, त्याचे आवाज होतात, हे मला तुम्ही शिकवू नका. लोखंड खोकत नाही.

या हिवाळ्यात ती आली.

थोरल्याची मुलगी. बाप गेला तेव्हा पाच वर्षांची होती, आता तिचं स्वतःचं वर्कशॉप आहे. गेल्या वादळात वरच्या उतारावर खूप झाडं आडवी झाली. तिथं नवी यंत्रं चढत नाहीत, म्हणून तिला माझी आठवण झाली. निदान सगळ्यांना तिनं असं सांगितलं. दलदल फक्त कडाक्याच्या थंडीत गोठून टणक होते. तेवढ्या दिवसांत मला दुरुस्त करून बाहेर काढायचं, नाहीतर वसंतात मी पुन्हा रुतणार. म्हणून उघड्यावर, बर्फात, हाताच्या बोटांची लाकडं होत असताना ती काम करत होती. सोबत धाकटा, तिचा काका. आता तो धाकटा कसला, पाठीत वाकलेला म्हातारा. पण मला आतून ओळखणारं दुसरं कुणी उरलंच नव्हतं.

पहिल्या दिवशी त्यानं मला थाप मारली नाही. लांबूनच पाहिलं आणि कोटावरून छातीशी हात नेला. तिथं काय आहे ते मला ठाऊक होतं.

पोरगी मात्र बापाच्या वळणावर गेलेली. एकेक नट रॉकेलमध्ये भिजवायची, नाही सुटला तर त्याला शिव्या घालायची आणि सुटला की "शहाणा माझा" म्हणायची. सकाळी कोळशाची शेगडी इंजिनखाली सरकवायची, तेल पातळ होईपर्यंत हात शेकायची. उघड्या हातानं लोखंडाला शिवलं तर कातडी चिकटून येते, त्यामुळे हातमोजे घालून बारीक स्क्रू धरताना तिची फार तारांबळ उडायची. काका म्हणायचा, "राहू दे पोरी, उद्या बघू." ती म्हणायची, "उद्या उद्या करत सव्वीस वर्षं गेली, काका."

दांड्यावरचा पांढरा गोळा ती रोज सकाळी सहज झटकून टाकायची. काका तेवढ्यापुरता दुसरीकडे बघायचा.

एक दिवस शेगडीपाशी बसून ती म्हणाली, "काका, खरं सांगू? मला झाडंबिडं ओढायची एवढी घाई नाहीये. मला बघायचंय, हा नियम कुणी विसरू कसा शकतो. शाळेत पेन्सिल विसरले तरी पोरं म्हणायची, बापासारखी टोपी विसरली. आईच्या तोंडावर म्हणायचे लोक. अजूनही कुणी काही विसरलं की गावात म्हणतात, थोरल्याची टोपी झाली. मला एकदा या दांड्यासमोर उभं राहून कळायला हवं, की बाबा इतके बेफिकीर होते का."

काका निखारे ढवळत राहिला. "थंडी होती गं," एवढंच म्हणाला. मी मनात म्हटलं, अरे मेल्या, बोल की! माझ्याजवळ जीभ असती तर तेव्हाच सगळं ओकलो असतो.

विसाव्या दिवशी दुपारी इंजिन धडधडायला लागलं. पोरीनं अक्षरशः उडी मारली. दांडा मात्र जागचा हलेना. ती म्हणाली, "ढोलाच्या आत कुठंतरी खीळ बसलीय. मी आत जाऊन बघते. तुम्ही चहा घेऊन या, मग एकदा ओढून बघू." तिनं आपली लाल टोपी काढली, दांड्यावर टांगली, वरून दोनदा चापटी मारून नीट बसवली आणि आत शिरली.

बर्फ पडायला लागला होता. बरोबर तसाच, जाड आणि सरळ.

आत तिनं छिन्नी लावून गंज फोडला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा माझा दांडा सैल झाला. तिला ते कळलं नाही, काकाला तर नाहीच. मला कळलं, आणि माझ्या इंजिनाचं पाणी पाणी झालं. आता कुणीही, अगदी एका हातानं, तो ओढू शकत होतं.

काका किटली घेऊन उतारावरून येत होता. तो मध्येच थबकला. झोपडीकडे कुणीतरी चाललं होतं. पाठमोरं, बोडकं डोकं, अंगात पोरीच्या कोटासारखाच कोट. मलाही दिसलं. आणि मला ऐकूही आलं. ते खोकलं. घशात घोळवून घोळवून.

"अगं ए, टोपी तरी घाल!" काका ओरडला. त्या पाठमोऱ्यानं वळून बघितलं नाही. काकानं किटली खाली ठेवली, माझ्याकडे आला, आणि त्याचा हात लाल टोपीवर पडला. मी जिवाच्या आकांतानं थरथरलो. पण चालू इंजिन थरथरतंच, त्याचं कुणाला काय?

टोपी अर्धी निघाली. मग तो हात थांबला.

त्यानं खाली पाहिलं. त्या दिवशी पाहिलं नव्हतं, आज पाहिलं. ताज्या बर्फात झोपडीकडे जाणारं एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. उतारावरून उतरलेली त्याची स्वतःची पावलं तेवढी होती.

त्यानं टोपी परत दाबून बसवली. दोन्ही मुठींनी माझा पत्रा बडवला. "पोरी! आत आहेस का गं? बोल! आत आहेस का?"

"आहे ना!" ती आतून खेकसली. "टोपी दिसत नाही का? कान किटले माझे!"

म्हातारा बर्फातच बसला. ती बाहेर आली तेव्हा तो रडत होता, आणि रडता रडताच त्यानं कोटाच्या आतून ती निळी टोपी काढली. वर्षानुवर्षं घडी करून करून तिची पार चिंधी झाली होती. "तुझा बाप विसरला नव्हता," तो म्हणाला. "त्यानं टांगली होती. मी काढली. थंडी लागेल त्याला म्हणून काढली, आणि मग भ्यालो. मेल्यावरही त्याच्यावरच ढकललं मी."

किटलीतला चहा पार गार झाला. मग पोरीनं वाकून निळी टोपी त्याच्या हातातून घेतली. दांड्यावरून आपली लाल टोपी काढली आणि तिच्या जागी बापाची टांगली. इंजिन बंद केलं.

"अगं, हे काय?" काका म्हणाला. "पंधरा दिवसांत गोठलेली जमीन सुटेल. मग हा कधीच निघायचा नाही."

"नाही निघाला तर नाही." ती म्हणाली. "ज्याची टोपी त्यानंच काढायची. उठा. मला सांगितलंत ते आता गावात सगळ्यांसमोर सांगायचं. आईला आधी."

ती पुढे निघाली, तो मागे. उताराच्या अर्ध्यावर ती थांबली. हात दिला नाही तिनं, पण तो पोचेपर्यंत थांबली.

आठवड्यानं म्हातारा एकटाच आला होता. माझ्याशी नाही, आत तोंड करून बोलला. "दादा, सांगितलं रे सगळ्यांना. मुकादमही होता. वहिनींनी नुसतं दार उघडं ठेवलं." निळ्या टोपीला त्यानं बोटसुद्धा लावलं नाही.

आता जमीन सुटलीय. मी ढोलापर्यंत चिखलात गेलोय, रोज बोटभर आणखी जातो. पोरगी अधूनमधून वरच्या रस्त्यावर येऊन बघते आणि परत जाते. लोखंडाचं आयुष्य संपतं ते असंच. त्याचं मला वाईट वाटत नाही. एकच मागणं आहे. कुठंही, कुठल्याही यंत्रावर कुणाची वस्तू टांगलेली दिसली, तर ती उचलू नका. काळजीनंसुद्धा नाही. आधी हाक मारा.

आणि एक सांगायचं राहिलं. परवा सकाळी उजाडलं तेव्हा दांडा मोकळा होता. वाऱ्यानं नेली म्हणाल, तर वारा नव्हता. कुणी उचलली म्हणाल, तर चिखलात एक पाऊल नव्हतं. माझ्या पत्र्यावर कुणीतरी थाप मारली. मग पान्यानं दोनदा टकटक झाली, सावकाश, नीट, नियमाप्रमाणे.

आता कुणीही या आणि खुशाल दांडा ओढा. आत कुणी नाही.