गोदूआत्यांचा रांजण

“बाई, बटाटा मुळाला लागतो की खोडाला?” मैत्रिणींनी पैज लावली म्हणून सरोजिनीने भर वर्गात विचारलं. सगळ्या फिदीफिदी हसल्या. बाई मात्र म्हणाल्या, “घरी लावून बघ की!”

मैत्रिणींनो, तिथून माझं दुसरं आयुष्य सुरू झालं. मी शुक्रवार पेठेतला एक जुना रांजण. करकंबच्या कुंभाराने मला घडवलं. सरोजिनीच्या गोदूआत्यांनी मला बैलगाडीतून मांडीशी धरून आणलं. सोलापूरचा वैशाख! आल्यागेल्याला त्या ऐटीत म्हणायच्या, “आमच्या रांजणाचं पाणी पिऊन तर बघा!” मग घरात तांब्याचं पिंप आलं आणि मी मोरीपाशी पालथा पडलो.

सरोजिनीने कोंब आलेले बटाटे टोपलीत जपून ठेवले होते. आत्यांना वाटलं, वाया जातील. एकादशीला त्यांनी ते उकडून टाकले! सरोजिनी रडरड रडली.

“अगं, मला मेलीला काय ठाऊक!” म्हणत आत्यांनी फराळाचं ताट बाजूला सारलं. दुसऱ्या दिवशी त्यांनीच माझ्या बुडाला भोक पाडलं. “घे, पाणी साचायचं नाही. रांजण तुझा.”

आता मी कधीच पाणी धरणार नव्हतो. फार वाईट वाटलं हो.

कार्तिकात सरोजिनीने कोंब आलेले नवे बटाटे आणले; काही परसातल्या वाफ्यात नुसते लावले, काही माझ्या पोटात. माझ्यातलं रोप वाढेल तशी आत्या खोडाभोवती माती चढवत.

“मुळालाच लागतो गं,” आत्या म्हणायच्या.

“नाही, खोडाला!”

“शिवरात्रीला तुझ्याच बटाट्यांचा फराळ करीन. तेव्हा बघू कोण जिंकतं.”

पौषात आत्या तापाने गेल्या. माती चढवणारा तो हात पुन्हा आलाच नाही. सरोजिनीही माझ्याकडे फिरकेना. पाला पिवळा पडला. मला वाटलं, झालं, मला पुन्हा विसरले.

शिवरात्रीला सकाळी ती आली. वाफ्यात गोट्यांएवढे दोनच निघाले. मग तिने माझ्यात हात घातला. मातीत दडलेल्या खोडालाच फुटवे होते, आणि त्यांच्या टोकांना मुठीएवढे बटाटे!

“आत्या, खोडाला! मी जिंकले!” ती ओरडली. मग एकेक बटाटा पुसून टोपलीत ठेवू लागली.

आईने पातेलं पुढे केलं. “वन्सं फराळ करणार होत्या ना यांचा? आण, उकडून नैवेद्य दाखवू.”

सरोजिनीने टोपली छातीशी धरली. “आई, यातला एकही उकडायचा नाही. मागचे उकडले ते आत्याला शेवटपर्यंत लागून राहिलं होतं. हे बियाणं आहे. मी ते आत्याच्या रांजणात थंड वाळूत ठेवणार, आणि कार्तिकात पुन्हा लावणार.”