मैतराचं गरम पाणी

हलवून बघू नका. मी थर्मास बोलतोय. आत जे डचमळतंय ते पाणी आहे. तेव्हाही पाणीच होतं.

माझा जन्म चीनमधल्या एका कारखान्यात झाला. स्टीलच्या दोन भिंती आणि मधे काहीच नाही, हवासुद्धा नाही. त्या पोकळीमुळे आतलं बाहेर कळत नाही. आत उकळतं असलं तरी माझं अंग गारच लागतं. लंडनच्या दुकानदारांसमोर मला नमुना म्हणून ठेवलं होतं. त्यांना माझा हिरवा रंग आवडला नाही. सौदा मोडला आणि त्यांच्या बाजूने बोलायला बसलेल्या हार्टलीसाहेबांनी मला उचलून पिशवीत टाकलं.

इंग्रज आणि चिनी यांचं कुठे अडलं की साहेबांना बोलावणं यायचं. त्यांच्यासारख्या जाणकारांच्या टेबलांवर मी बरीच वर्षं काढली. बोलणी सुरू होण्याआधी एकेकाचा परिचय वाचत. एक बाई आधी बोटींच्या विम्यात होत्या, एक चिनी गृहस्थ चहाची चव घ्यायच्या नोकरीत. साहेबांचा परिचय सगळ्यांत लांब. आधी शांघायला शाळामास्तर, मग वकिलातीत, मग जहाज कंपनीत, आता सल्लागार. शेवटी एक वाक्य हमखास यायचं, की चिनी लोक यांना 'लाओ फंग्यो' म्हणतात, म्हणजे जुना मित्र. ते ऐकताना साहेब मान खाली घालून हसायचे. मलाही वाटायचं, आपला मालक मोठा मैत्री जपणारा माणूस आहे.

चीनमध्ये राहून त्यांना साधं गरम पाणी प्यायची सवय लागली होती. तेवढ्यासाठी मी.

मुरबाडच्या एका कारखान्यात पैसा इंग्रजांचा होता आणि यंत्रं चीनची. दोघांचं जुळेना. साहेब आले, शहापूरला हायवेवरच्या हॉटेलात उतरले. रोज मुरबाडला न्यायला-आणायला गाडी होती ती भगीरथची. सिद्धगडाखालच्या गावचा तरणा गडी.

गाडीत कोणीही बसलं की भगीरथ विचारणारच. माणूस आधी काय होता हे कळल्याशिवाय त्याला गाडीचा गिअर पडत नसे.

"साब, पहले क्या करते थे?"

"मास्तर था," साहेब त्यांच्या मोडक्या हिंदीत म्हणाले.

"फिर?"

"फिर सरकार का आदमी."

"मास्तरकी कशाला सोडली? चांगली व्हती की."

कारखान्यातली हेतल शेजारी बसली होती. तिने इंग्रजीत सांगितलं, तेव्हा साहेब खूप हसले. एवढ्या सभा झाल्या, त्यांना हे कोणी विचारलं नव्हतं. वकिलातीत पहिल्यांदा काय शिकवलं, तेही त्यांनी सांगितलं. कोणी प्रश्न केला तर 'हो' म्हणायचं नाही, 'नाही' पण म्हणायचं नाही.

"मंग म्हनायचं काय?" भगीरथने विचारलं.

साहेब पुन्हा नुसतेच हसले.

एकदा भगीरथला खोकला झाला. साहेबांनी माझ्यातलं पाणी दिलं. दोन दिवसांत खोकला गेला आणि भगीरथला सवय लागली. घरी त्याची आई धोंडीबाई कपाळाला हात लावायची.

"गरम पानी बालंतिनीला देतात रे. तू कधी बालंत झालास?"

"मला पन नाय सांगितलं त्याने," धाकटा भाऊ जीवन चुलीपाशी लोळत हसायचा.

साहेबांचा गुडघा दुखायचा. भगीरथने रानातून एक काठी तोडून आणली, सोलली, तेल पाजलं, मुठीला काच घासून गुळगुळीत केली. साहेबांनी काठी घेतली आणि बदल्यात मला दिलं. भगीरथने मला दोन्ही हातांनी घेतलं.

"आमच्यात अशी वस्तूला वस्तू दिली का मैतर जुळतो," तो हेतलला म्हणाला. "सांगा सायबांना. मैतराला काय झालं तर धावत यायचं असतं."

"भगीरथभाऊ, मग सरांना तुमच्या लग्नात नाचायला लागेल," हेतल म्हणाली.

साहेबांनी तो शब्द पाठ केला. मैतर. रोज गाडीत बसताना म्हणायचे.

मे महिन्यात बोलण्यांचा शेवटचा दिवस ठरला. आदल्या रात्री भगीरथ चिनी पाहुण्यांना आणायला विमानतळावर गेला आणि विमान उशिरा आलं. पाहुण्यांना मुरबाडला सोडून तो साहेबांना न्यायला शहापूरला परत आला, तेव्हा त्याचे डोळे लाल होते.

"साब, आधा घंटा सो लेता हूँ."

साहेबांनी घड्याळ बघितलं. "मीटिंग के बाद, मैतर. फास्ट."

'मैतर' म्हणाल्यावर भगीरथ काय बोलणार? हॉटेलातून माझ्यात गरम पाणी भरून घेतलं, घोट घोट पीत निघाला. किन्हवलीच्या पुढे मला घट्ट बंद करून शेजारी ठेवलं. त्यानंतर त्याचा डोळा लागला.

रस्त्याकडेला मोहाचं झाड होतं.

साहेबांच्या कपाळाला टाके पडले. भगीरथ गेला. मी चेपलो, झाकण अडकून बसलं. दवाखान्यात कारखान्याच्या मॅनेजरने मला कानाशी धरून हलवलं.

"आहे अजून आत," तो म्हणाला. "टपरीवाला पण सांगत होता, सारखा घोट घेत चालवायचा."

साहेब समोरच्या बाकावर होते. मराठी कळली नाही असं नाही, हेतलने इंग्रजीत सांगितलं. तिने विचारलंही, "सर, पाणीच होतं ना?" साहेब म्हणाले, मी मागे बसलो होतो, यावर काही बोलणं योग्य होणार नाही.

मी त्यांच्या हातभर अंतरावर होतो. आयुष्यात एकदाच मला तोंड हवं होतं.

मॅनेजरचं बोलणं गावात माझ्याही आधी पोचलं. "मोहाची पिऊन मोहालाच भेटायला गेला," पारावर कोणीतरी म्हणालं आणि लोक हसले. जीवनने त्याची गचांडी धरली. सोडवायला आलेलेही म्हणाले, "मे म्हयन्यात गरम पानी कोन पितो रे? लोकांला काय दूधखुळं समजतोस?"

मग जीवन मला घेऊन शहापूरला गेला. साहेब निघण्याच्या तयारीत होते, हातात भगीरथची काठी.

"साब, खाली एक बार बोलो. पानी था."

साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या, खोटं नाही सांगत. "बहुत दुख," ते म्हणाले.

"दुख नको. पानी था ना?"

पाणी म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता. मग तो झोपला कसा, त्याला झोपू कोणी दिलं नाही? साहेबांना पुढचा प्रश्न आधी दिसतो, त्यातच त्यांचं आयुष्य गेलंय. ते 'हो' म्हणाले नाहीत, 'नाही' पण म्हणाले नाहीत. काठी टेकत गाडीत बसले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

दहाव्याला नदीवर पिंड मांडला. मेलेल्याच्या आवडीचं शेजारी ठेवतात. भाकरी ठेवली, सुकट ठेवली. कोंडूमामाने कोपरीतून बाटली काढून ठेवली.

"हे कशाला?" जीवनने विचारलं.

"राहू दे रे. आता कोनापासून लपवायचं? त्याचा आत्मा अडकायला नको."

जीवनने बाटली लाथेने उडवली. मला उचललं आणि खडकावर आपटलं, पुन्हा आपटलं. झाकण तुटलं. त्याने मामाची मान धरून मला त्याच्या तोंडाला लावलं.

"पी. पी आनी सांग सगल्यांला."

मामाने वास घेतला. घोट घेतला. बराच वेळ गिळला नाही.

"पानी हाये," तो म्हणाला. मग खालीच बसला. "नुसतं पानी हाये गो, धोंडे."

धोंडीबाईने माझ्यात बोट बुडवलं. "गार झालंय. त्याला गरम लागायचं."

तीन दगड मांडून तिथेच पाणी तापवलं आणि पिंडाशेजारी मला भरून ठेवलं. कावळा आला.

गावातले आता बोलत नाहीत. पण कारखान्यात, टपरीवर, किन्हवलीच्या वळणावर भगीरथ अजून पिऊन मेलेलाच आहे. तिथे कोण सांगणार? धोंडीबाई रोज सकाळी मला भरते, झाकणाच्या जागी फडक्याचा बोळा कोंबते. दुपारपर्यंत मी गार होतो. पहिल्यासारखी ऊब धरवत नाही.

एकच मागणं आहे, ते माणसांकडे नाही. काठीबाई, तू आमच्या रानातली आणि मी त्यांच्या टेबलावरचा. आपली अदलाबदल झाली होती, मी माझी बाजू राखली. आता तिकडे पुन्हा सभा भरेल. साहेबांचा परिचय वाचतील, मास्तर, वकिलात, जहाज कंपनी. शेवटी 'जुना मित्र' म्हणतील, तेव्हा ते तुझ्यावर भार टाकून उठतील.

त्यांना पाडू नकोस. नुसती जरा सरक.