खंडेनवमीचं तेल

मी एक जुनी सायकल आहे आणि मी चिडलेली आहे. आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू गरीब स्वभावाच्या असतात असा तुमचा समज असेल, तर मित्रांनो, तो आधी काढून टाका.

मला कारखान्यात घडवलं ते खडीच्या, मुरमाच्या रस्त्यांवर लांबचा पल्ला मारायला. रुंद टायर, एडक्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल आणि दोन्ही चाकांच्या मधोमध पोलादी चकत्या. ब्रेक दाबला की त्या चकतीला दोन्हीकडून चिमटा बसतो आणि चाक थांबतं. या चकत्या नीट लक्षात ठेवा, कारण माझा सगळा संताप तिथंच आहे.

आता माझ्या पहिल्या मालकाचे प्रताप ऐका. पुण्याचा सद्गृहस्थ! मला गॅलरीत टांगलं आणि माझ्या हँडलवर ओले टॉवेल वाळत घातले. माझ्या चेनला गंज चढला तरी त्याला पत्ता नाही. शेवटी 'अडगळ झाली' म्हणून सोसायटीच्या वॉचमनला देऊन मोकळा झाला. हा वॉचमन, भागवत, उमापूरचा. त्यानं मला एसटीच्या टपावर बांधून आपल्या भाचीसाठी गावी आणलं.

भाचीचं नाव रोहिणी. घर मेंढरं राखणाऱ्यांचं, त्यामुळे पाय काटक, आणि डोकं माझ्यापेक्षा गरम. पण खरं सांगते, मला सायकल म्हणून वागवलं ते तिनंच. माझी चेन ती रोज पुसायची आणि कालव्याच्या कडेनं मला वाऱ्यासारखी पळवायची. तिच्या वडिलांना, मुंजाजींना, सगळं गाव आप्पा म्हणायचं. ते मला बघून कुरकुरायचे, "हिला चारा लागत न्हाई हे खरं, पर ही दूध बी देत न्हाई."

दसऱ्याला आमच्याकडे सीमोल्लंघनाची शर्यत असते. उमापूरहून मुरमाच्या वाटांनी बालाघाटाचा चढ चढून लिंबागणेशला जायचं, गणपतीला हात जोडायचे आणि दिवस मावळायच्या आत परत यायचं. मागच्या खेपेला परतीच्या वाटेवर रोहिणीच्या पोटऱ्यांत गोळे आले आणि ती शर्यतीच्या मागून येणाऱ्या टेम्पोत बसून घरी आली. पारावर हसण्याला ऊत आला. तेव्हा आप्पांनी बजावलं, "अजून एक डाव जा. पुरी केलीस तर सायकल तुझी. न्हाई केलीस तर हिला देऊन मी दोन मेंढरं आणतो, मग हिचं नाव काढायचं न्हाई."

म्हणजे तिची इभ्रत आणि माझा जन्म, दोन्ही एकाच दिवसावर.

आदल्या दिवशी खंडेनवमी होती. आप्पांनी कोयता, कुऱ्हाड आणि लोकर कातरायची मोठी कातर धुऊन ओळीनं मांडली, हळदकुंकू वाहिलं, तेलाचं बोट फिरवलं. मग त्यांची नजर माझ्याकडे गेली. कुणी बघत नाही ना, याची खात्री केली आणि मलाही त्या ओळीत नेऊन उभं केलं. झेंडूची माळ घातली. घरातलं चांगलं करडीचं तेल फडक्यावर घेऊन मला नखशिखांत चोळलं. चकत्या तर इतक्या प्रेमानं चोळल्या की त्यांत त्यांचं तोंड दिसायला लागलं! "पळ गं बाई, पोरीची लाज राख," असं पुटपुटलेसुद्धा. अहो आप्पा, तिथं नको! मी आतल्या आत ओरडत राहिले, पण लोखंडाचं ऐकतो कोण?

दसऱ्याला पहाटेपासून सगळे रांगेत उभे होते. झेंडा दाखवणार होते विजयसिंह, भागातले पुढारी. ते आले उन्हं वर आल्यावर. मग भाषण, मग माझ्या हँडलवर हात ठेवून फोटो. शर्यत उशिरा सुटली, पण संपायची वेळ तीच राहिली. सूर्य काही त्यांचा कार्यकर्ता नव्हता.

पहिल्याच ओढ्याच्या उतारावर माझा ब्रेक किंचाळला आणि सटकला. रोहिणीला वाटलं, धूळ गेली असेल. पुढे सपाटी होती, मग चढ. चढाला ब्रेक कशाला लागतो? ऊन मी म्हणत होतं. खडीच्या हादऱ्यांनी तिचे तळवे बधिर झाले, तोंडात मुरमाची चव आली, तरी पोरगी हटली नाही.

लिंबागणेशच्या थांब्यावर स्पर्धेचा स्वयंसेवक उत्तरेश्वर होता. त्यानं चकतीला बोट लावून हुंगलं. "तेल हाय की हे! ब्रेकला तेल कुणी लावलं गं?"

रोहिणीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "आप्पानं! काल खंडेनवमी होती! मला न इचारता कावून हात लावला त्यांनी?"

"आता उतार हाय. गुमान टेम्पोत बस."

"टेम्पोत मी मेले तरी बसणार न्हाई!"

तिनं चहाच्या टपरीच्या चुलीतली राख घेतली आणि भांडी घासावीत तशा माझ्या चकत्या घासल्या. पण चकती धरणाऱ्या पट्ट्यांत तेल मुरलं होतं, ते कसं निघणार? थोडी पकड आली, बस्स.

मग तो उतार. जिथं कडा होता तिथं ती मला धरून पायी उतरली. बाकी वाटेवर डावा पाय जमिनीला घासत मला आवरत राहिली. आधी बुटाचा तळ गेला, मग मोजा, मग टाचेचं कातडं. ती वेदनेनं ओरडत होती, मी ब्रेकनं ओरडत होते. दोघी मिळून आप्पांच्या नावानं शंख करत खाली आलो.

कालव्याच्या रस्त्यावर पुन्हा तेच, पोटऱ्यांत गोळे. मागून टेम्पोवाला म्हणाला, "बस की बाई, कशाला जीव काढतीस?" ती उतरली, पोटरीवर बुक्क्या मारल्या, रडली आणि परत माझ्यावर बसली. एका पायाचाच जोर होता. सूर्य पार बाभळींना टेकला होता.

उमापूरची कमान दिसली तेव्हा सूर्याची कड अजून शिल्लक होती. आम्ही रेषा ओलांडली. पण थांबायचं कसं? "सरका! सरका!" रोहिणी किंचाळली. माणसं पांगली. विजयसिंह तर हार टाकून पळाले. एकटे आप्पा हलले नाहीत. उधळलेला एडका धरावा तसे त्यांनी माझ्या हँडलची दोन्ही शिंगं धरली, फरफटत गेले, पण मला थांबवलंच.

"तेल लावलं तुमी!" रोहिणी त्यांच्या अंगावर ओरडली. "मेले असते मी, आप्पा!"

"कातरीला लावतोच की... लोखंडच हाय म्हनून..." म्हणता म्हणता त्यांना तिची टाच दिसली. ते तिथंच धुळीत बसले आणि तिचा पाय मांडीवर घेतला. ती भांडतच राहिली. मेंढरांचं नाव मात्र त्यांनी पुन्हा काढलं नाही.

मित्रांनो, माझा राग अजून गेलेला नाही. मला टांगून ठेवणाऱ्याला माया नव्हती, आप्पांना होती. पण टाच फाटली ती आप्पांच्या मायेनं, हे विसरू नका! सायकल असो, जनावर असो की माणूस, जीव लावायचा तर त्याला काय सोसतं ते आधी विचारा.

परवा पुन्हा खंडेनवमी झाली. आप्पा तेलाची वाटी घेऊन माझ्यापुढे आले आणि उभेच राहिले. मग घराकडे तोंड करून हाक मारली, "रोहे, हिला कुठं लावू?"

रोहिणी कपाळाला आठ्या घालूनच आली. त्यांचं बोट धरून माझ्या चेनवर ठेवलं. "हितं," ती म्हणाली. मग चकतीवर आपला हात आडवा धरला. "आन् हितं कदीच न्हाई."